जुनीच गाणी पुन्हा का गायली? अमेरिकेतल्या टाउन्स व्हॅन झँट या लोकगायकाची गोष्ट, सोप्या भाषेत

एखाद्या गायकानं स्वतःचंच जुनं गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं की लोक लगेच म्हणतात, "याला आता नवीन काही सुचत नाही वाटतं." कधी कधी ते खरंही असतं. पण अमेरिकेतला टाउन्स व्हॅन झँट नावाचा गायक चोविसाव्या वर्षी पहिली तबकडी काढतो आणि वर्षभरातच त्यातली गाणी पुन्हा गायला बसतो, तेव्हा कारण वेगळं असतं. गाणं त्याचं होतं, पण रेकॉर्डमध्ये जे ऐकू येत होतं ते त्याचं नव्हतं.

1968 साली आलेल्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये 11 गाणी होती. त्यातली 6 गाणी त्यानं पुढच्या चार वर्षांत दुसऱ्या अल्बमांसाठी नव्यानं गायली. आज जगभर त्याचे चाहते ही नवी रूपंच जास्त ऐकतात. असं का झालं आणि त्या माणसाचं पुढं काय झालं, ते समजून घेऊ.

कोण होता हा टाउन्स?

जन्म 7 मार्च 1944, टेक्सस राज्यातलं फोर्ट वर्थ शहर. घराणं मोठं. टेक्ससमध्ये 'व्हॅन झँट' नावाचा एक जिल्हाच आहे, तो त्याच्या पूर्वजाच्या नावावरून. वडील तेलाच्या धंद्यात होते. म्हणजे गरिबीतून वर आलेल्या गायकाची नेहमीची गोष्ट ही नाही. उलट, घरात सगळं असताना हा मुलगा त्यातून बाहेर पडला.

1956 मध्ये त्यानं टीव्हीवर एल्व्हिस प्रेस्लीला गाताना पाहिलं आणि गिटारचा हट्ट धरला. त्याच नाताळात वडिलांनी गिटार आणून दिली. पुढं वडिलांनीच त्याला सांगितलं की दुसऱ्यांची गाणी गाण्यापेक्षा स्वतःची लिही. 1966 च्या जानेवारीत वडील गेले. ह्यूस्टनमध्ये वकिलीच्या वाटेचं शिक्षण सुरू होतं, तेही त्यानं मध्येच सोडलं आणि शहरातल्या छोट्या कॉफी हाऊसमधून गाऊ लागला.

आपल्याकडं शाहीर स्वतः कवन रचतो, स्वतः चाल लावतो आणि डफ घेऊन स्वतःच उभा राहतो. टाउन्स त्याच जातीचा गायक. फरक इतकाच की हातात डफाऐवजी गिटार, आणि बहुतेक गाणी एकट्या माणसाच्या दुःखाची.

आजार काय होता?

कॉलेजात असताना टाउन्सचं वागणं विचित्र व्हायला लागलं. दिवसेंदिवस उदास बसायचं, मग एकदम दारूच्या मागं लागायचं. आईवडील घाबरले आणि त्याला घरी घेऊन आले. 1964 मध्ये गॅल्व्हेस्टनच्या रुग्णालयात निदान झालं. आज या आजाराला 'बायपोलर' म्हणतात. यात माणसाचं मन कधी उधाणावर जातं, झोप लागत नाही, डोक्यात कल्पनांचा पाऊस पडतो. मग काही दिवसांनी तेच मन इतकं खाली जातं की अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. यात बाहेरबाधा काही नसते आणि आळसही नसतो. हा मेंदूचा आजार आहे.

त्या काळात यावर 'इन्सुलिन शॉक' नावाचा उपचार करायचे. मधुमेहाच्या रुग्णांमुळं इन्सुलिन आता गावोगाव माहीत आहे. साखर एकदम उतरली की माणसाला घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते, हेही घराघरात ठाऊक आहे. या उपचारात नेमकं तेच मुद्दाम घडवून आणायचे. मोठा डोस देऊन रुग्णाला बेशुद्ध करायचं, मग साखर देऊन परत शुद्धीवर आणायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. पुढं डॉक्टरांनीच हा प्रकार सोडून दिला, आज तो कुणी करत नाही. टाउन्सवर मात्र तो सुमारे तीन महिने झाला.

त्यात त्याच्या लहानपणच्या बऱ्याच आठवणी पुसल्या गेल्या. उपचाराला होकार दिल्याचं त्याच्या आईला शेवटपर्यंत सलत राहिलं.

त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत घर सुटलेली, वाट चुकलेली, मागचं काहीच हाताशी नसलेली माणसं पुन्हा पुन्हा येतात. ही गाणी या उपचारानंतरच्या तीन-चार वर्षांतली आहेत, एवढं लक्षात ठेवून ती ऐकावीत.

पहिली तबकडी: गाणं चांगलं, दागिने जास्त

मिकी न्यूबरी नावाच्या गीतकाराला टाउन्सची गाणी आवडली. त्यानं त्याला नॅशव्हिल शहराची वाट दाखवली. अमेरिकेत गावाकडच्या संगीताची, म्हणजे 'कंट्री' गाण्यांची ती राजधानी. तिथं जॅक क्लेमेंट हा नावाजलेला निर्माता भेटला. जॉनी कॅशच्या 'रिंग ऑफ फायर' गाण्यातल्या गाजलेल्या ट्रम्पेटच्या मांडणीत याच क्लेमेंटचा हात होता. म्हणजे माणूस काही कच्चा नव्हता.

1968 मध्ये 'फॉर द सेक ऑफ द साँग' हा अल्बम आला. नावाचा अर्थ 'गाण्याखातर'. पण गंमत अशी झाली की गाण्याखातर म्हणून जे केलं, त्यातच गाणं दबलं. आवाजाला भरपूर प्रतिध्वनी दिलेला, मागं कोरस, तालवाद्यं, पेटी-ऑर्गनच्या जातीच्या वाद्यांची भर. एकटा माणूस रात्री स्वतःशी बोलतोय असं गाणं, आणि मागं सगळा सरंजाम.

'टेकमसे व्हॅली' हे गाणं घ्या. खाणकामगाराची मुलगी कामाच्या शोधात दुसऱ्या गावात येते. गावी बाप मरतो, हिचं आयुष्य घसरत जातं आणि शेवटी तीही जाते. पोटासाठी तिला देह विकावा लागतो हे सांगणारा मूळ शब्द रोखठोक होता. पहिल्या अल्बममध्ये तो बदलून मवाळ करण्यात आला. ऐकणाऱ्याला टोचू नये म्हणून. पण गाण्याचा सगळा जीवच त्या टोचण्यात होता.

टाउन्सला ही सजावट रुचली नाही. मात्र नवीन गायकाचं स्टुडिओत किती चालतं, हे आपल्याकडच्या गायकांनाही सांगायला नको.

पुन्हा गायला तेव्हा काय बदललं?

* 1969 मध्ये दुसरा अल्बम आला, 'अवर मदर द माउंटन'. त्यात 'टेकमसे व्हॅली' पुन्हा गायलं आणि रोखठोक शब्द परत आपल्या जागी आला.
* त्याच वर्षी तिसरा अल्बम आला. त्याला वेगळं नाव दिलंच नाही, फक्त 'टाउन्स व्हॅन झँट'. मुखपृष्ठावर तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी एकटा बसलेला दिसतो. या अल्बममधल्या 10 गाण्यांपैकी 4 पहिल्या अल्बममधली, नव्यानं गायलेली. पहिल्याच गाण्याचं नाव 'फॉर द सेक ऑफ द साँग'.
* 1972 च्या 'द लेट ग्रेट टाउन्स व्हॅन झँट' या अल्बममध्ये पहिल्या तबकडीतलं 'सॅड सिंड्रेला' परत आलं.

नव्या रूपात चाल फारशी बदलली नाही. बदललं ते भोवतालचं. गिटारची बोटं स्वच्छ ऐकू येतात, शब्द पुढं येतो, आवाज जवळून येतो. बाकीची वाद्यं असलीच तर बेताची. भाजीत मसाला इतका घालावा की भाजी कुठली हे कळायला पाहिजे, एवढाच हा हिशोब.

एकच गाणं, तीन वेळा

हे स्वतः कानानं ऐकायचं असेल तर एक गाणं पुरेसं आहे. 'वेटिंग अराउंड टू डाय'. अर्थ, 'मरणाची वाट बघत दिवस काढणं'. मोबाईलवर नाव बोलून शोधा, तिन्ही रूपं सापडतील.

हे त्यानं लिहिलेलं पहिलं गंभीर गाणं. 1965 मध्ये लग्न झालं, त्यानंतर लवकरच लिहिलेलं. घरातल्या कपड्यांच्या छोट्या खोलीत बसून तो लिहायचा. नवी नवरी घरात आणि नवरा आत बसून मरणाचं गाणं लिहितोय. गाण्यातल्या माणसाचा बाप आईला मारतो, आई निघून जाते, पोरगा रस्त्याला लागतो, तुरुंगात जातो आणि शेवटी नशेच्या औषधालाच आपला सोबती मानतो. लिहिणाऱ्याचं वय अवघं एकवीस-बावीस. त्याच्या स्वतःच्या घरी असलं काही घडलेलं नव्हतं.

* पहिलं रूप, 1968: सजवलेलं. गाण्यातली गोष्ट लांबून, सिनेमातल्यासारखी वाटते.
* दुसरं रूप, 1969: उघडं. आता गोष्ट सांगणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटतो.
* तिसरं रूप: 1970 च्या दशकाच्या मध्यात चित्रित झालेल्या 'हार्टवर्न हायवेज' या माहितीपटातलं. ठिकाण ऑस्टिन शहरातलं साधं स्वयंपाकघर. समोर शेजारी बसलेत, सीमोर वॉशिंग्टन. वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ, आयुष्य लोहारकामात आणि घोड्यांना नाल मारण्यात गेलेलं. टाउन्स गाऊ लागतो आणि हळूहळू सीमोर यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. ते एक शब्द बोलत नाहीत.

इंग्रजी येत नसलं तरी हा तिसरा व्हिडिओ बघा. भाषा कळायची गरज पडत नाही. स्टुडिओतल्या सजावटीला जे जमलं नव्हतं ते एका गिटारीनं आणि एका ऐकणाऱ्यानं करून दाखवलं.

असाच साधेपणा त्याच्या 1973 मधल्या मैफलींत आहे. ह्यूस्टनच्या 'ओल्ड क्वार्टर' नावाच्या लहानशा बारमध्ये तो एकटा गिटार घेऊन गायला. ते रेकॉर्डिंग 1977 मध्ये दोन तबकड्यांचा अल्बम म्हणून आलं. अनेक जाणकार त्याचं सगळ्यात चांगलं काम म्हणून याच अल्बमकडं बोट दाखवतात.

दुसऱ्यांदा कारण वेगळं होतं: पैसा

गाणी पुन्हा गाण्याची वेळ त्याच्यावर आणखी एकदा आली. या वेळी प्रश्न सजावटीचा नव्हता.

1974 च्या सुमारास त्यानं नॅशव्हिलमध्ये एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला. पण व्यवहाराच्या वादात ते रेकॉर्डिंग अडकून पडलं. मूळ ध्वनिमुद्रणाला 'मास्टर' म्हणतात. मास्टर ज्याच्या ताब्यात, अल्बम काढायचा की नाही हे त्याच्या हातात. पीक शेतकऱ्याचं, पण गोदामाची किल्ली दुसऱ्याकडं, तसं हे.

शेवटी त्यातली बरीच गाणी टाउन्सनं नव्यानं गायली आणि ती 1978 च्या 'फ्लाइंग शूज' अल्बममध्ये आली. अडकलेलं मूळ रेकॉर्डिंग 1993 मध्ये 'द नॅशव्हिल सेशन्स' म्हणून बाहेर पडलं. जवळजवळ वीस वर्षांनी.

गीतकार म्हणून मात्र त्याचं नाव दुसऱ्यांच्या आवाजातून मोठं झालं. एमिलू हॅरिस आणि डॉन विल्यम्स यांनी गायलेलं त्याचं 'इफ आय नीडेड यू' 1981 मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांनी गायलेलं 'पँचो अँड लेफ्टी' 1983 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या व्हिडिओत टाउन्स स्वतः छोट्याशा भूमिकेत दिसतो. पण ज्याचं गाणं देशभर वाजत होतं, त्याचे स्वतःचे अल्बम दुकानात शोधावे लागत होते.

शेवटची वर्षं

1990 च्या सुमारास जुन्या गाण्यांचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. आपलीच गाणी पुन्हा गायची आणि सोबतीला नामवंत गायक घ्यायचे. विली नेल्सन, एमिलू हॅरिस, फ्रेडी फेंडर अशी मंडळी आली. टाउन्स जिवंत असेपर्यंत ते काम बाहेर आलं नाही. त्यातली काही गाणी 2001 मध्ये 'टेक्सस रेन' या नावानं प्रसिद्ध झाली.

तोवर दारूनं शरीर पोखरलं होतं, आवाज घोगरा आणि थकलेला झाला होता. पंचविशीत लिहिलेली म्हाताऱ्या माणसाची गाणी आता खरंच थकलेला माणूस गात होता. काही चाहत्यांना हा आवाज जास्त खरा वाटतो. पण त्या खरेपणाची किंमत काय होती, हेही सांगितलं पाहिजे.

1996 च्या डिसेंबरमध्ये स्टीव्ह शेली या संगीतकारासोबत मेम्फिस शहरात नवा अल्बम करायचं ठरलं. त्याआधी काही दिवस टाउन्स पडला होता आणि कंबरेजवळ जबर दुखापत झाली होती. तो दवाखान्यात गेला नाही. स्टुडिओत आला तो चाकाच्या खुर्चीत. रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. मग रुग्णालयात नेलं तेव्हा हाड मोडल्याचं कळलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर थांबायला सांगत असताना त्याला घरी आणलं गेलं. 1 जानेवारी 1997 रोजी टेनेसीतल्या घरी हृदय बंद पडून तो गेला. वय फक्त 52.

दारूमुळं गाणी सुचतात का?

असल्या गायकांबद्दल एक समज सगळीकडं आहे. प्यायल्याशिवाय, दुःख भोगल्याशिवाय कलावंत होत नाही म्हणे. आपल्याकडंही तमाशाच्या, भजनाच्या, बँडच्या कलाकारांबद्दल लोक हे सहज बोलून जातात, आणि पाजणारेही तेच असतात.

टाउन्सच्या अल्बमांच्या तारखा नुसत्या ओळीनं मांडल्या तरी उत्तर मिळतं. 1968 ते 1972 या काळात त्यानं सहा अल्बम केले. त्याची बहुतेक मोठी गाणी याच काळातली किंवा त्याच्या थोडं पुढची. 1978 नंतर मात्र पुढचा स्टुडिओ अल्बम यायला 1987 उजाडलं. म्हणजे नऊ वर्षं. दारू वाढत गेली तशी गाणी आटत गेली. तो अनेकदा व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, पुन्हा पुन्हा घसरला. गाणी लिहिली ती त्याच्यातल्या कारागिरानं. दारूनं त्या कारागिराचे दिवस खाल्ले.

त्याच्या तरुणपणी उपचार म्हणजे आठवणी पुसून टाकणारे झटके होते. आज तशी स्थिती नाही. बायपोलरवर औषधं आहेत, ती नियमित घेऊन लोक शेती, नोकरी, संसार सगळं करतात. घरात कुणी असं चढउतारात सापडलं असेल किंवा दारू सुटत नसेल, तर सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे. क्रमांक 14416. फोन मोफत आहे, कधीही लावता येतो.

आपल्या गायकांनी यातून काय घ्यावं?

गावोगाव आता गाणी स्टुडिओत रेकॉर्ड होतात आणि यूट्यूबवर जातात. टाउन्सच्या दोन्ही अडचणी, सजावट आणि कागदपत्रं, आपल्याकडंही आहेत. भारतातल्या कॉपीराइट कायद्यातले (1957, दुरुस्ती 2012) काही मुद्दे ध्यानात ठेवा.

* एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. तिघांचे हक्क वेगळे असू शकतात.
* हक्क दुसऱ्याला द्यायचे तर करार लेखी आणि सहीचा लागतो. तोंडी बोलण्यावर हक्क जात नाहीत.
* करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो.
* गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून घेता येत नाही.
* रॉयल्टी गोळा करून देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था आहे. गीतकार-संगीतकारांना तिचं सभासद होता येतं.
* शब्द-चालीचे हक्क दिले असतील तर तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करण्याआधी करार वाचा, नाहीतर जाणकाराला दाखवा.

आणि कागदाइतकंच महत्त्वाचं दुसरं काम. तुमच्या गावात जुना शाहीर असेल, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी असेल, एकतारीवर भजन म्हणणारे बुवा असतील, तर त्यांना स्टुडिओत न्यायची वाट बघू नका. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, मोबाईल त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि परवानगी घेऊन त्यांचं गाणं आहे तसं रेकॉर्ड करा. मागं बीट लावायचा असेल तर तो नंतर कधीही लावता येईल. आजीचा आवाज मात्र नंतर मिळणार नाही.